एका कात्रीतल्या दोन झुली

मखमल दिसते कशी, हे कुणीही दुकानदार सांगेल. ती वागते कशी, हे विचारायचं असेल तर वाशीजवळच्या पावणे गावात यावं, कमळाकर-धनेशच्या चाळीपाशी थांबावं आणि जिन्याखाली वाकून बघावं. तिथे मशीनमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन राहीबाई बसलेली असते. "मांजरावानी असती बगा," ती सांगते. "लवंच्या अंगानं हात फिरवा, डोळं मिटून घेती. उलटा फिरवा, अंगावर येती." एवढं सांगून ती समोरच्या बाईचा हात धरते आणि कापडावरून फिरवते, एकदा असा, एकदा तसा. बाई ब्लाउजचं माप द्यायला आलेली असते, घाईत असते. पण मखमलीवर हात पडला की घाईची माणसंही जरा थांबतात, हे राहीबाईनं पुष्कळदा पाहिलेलं आहे.

ती सातारच्या बाजूची, कोरेगावकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा मखमल तिनं फक्त देवाच्या गादीवर पाहिली होती, तीही लांबून. इथे आल्यावर पावण्याच्या कारखान्यांच्या रांगेत एका गाळ्यावर कामाला लागली. गाळ्यात दागिन्यांच्या डब्या बनायच्या. अंगठीच्या डबीतली चिमुकली गादी, मधोमध चीर, वर लाल मखमल. दिवसभर ती चीर पाडायची आणि संध्याकाळी रिकाम्या बोटांनी घरी जायची. गाळ्याचे म्हातारे शेठ मोठे बोलके होते. मखमल पूर्वी रेशमाची असायची, राजाच्या तंबूला आतून लावायची, तलवारीच्या म्यानाला लावायची, एक विणकर दिवसभर बसला तर वीतभर विणून व्हायची. आता सुरतेहून ताग्यांच्या ताग्यांनी येते आणि वॉशिंग मशीनमध्ये धुतात, असं म्हणून ते उसासा टाकायचे. मखमल जुळी जन्मते, हेही त्यांनीच सांगितलेलं. मागावर दोन कापडं समोरासमोर विणतात, मधे धाग्यांचं जंगल, आणि त्या जंगलातून सुरी फिरली की दोघी वेगळ्या. पुढे न्हावा शेव्याला कंटेनर भरभरून प्लॅस्टिकच्या डब्या यायला लागल्या, शेठनी गाळा बंद केला, आणि राहीबाईनं तिथलं जुनं मशीन उचलून या जिन्याखाली आणून मांडलं.

मखमलीचे नखरे तिला तोंडपाठ होते. घडी घालायची नाही, वळ उमटतो. वरून इस्त्री फिरवायची नाही, लव मरते. उलट्या बाजूनं नुसती वाफ दाखवायची. टाचणी लावायची नाही, भोक राहतं. दोन पदर जोडताना वरचा पदर खालच्याला सोडून पुढे पळतो, म्हणून आधी कच्चा टाका. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, सगळे तुकडे लवेची दिशा एकच ठेवून कापायचे, नाहीतर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात.

"येवढं नखरं कुनाचं चालत्यात?" बाबासो म्हणायचा. बाबासो नवरा. वाशीच्या बाजारात आयुष्यभर कांद्याच्या गोण्या वाहिल्या आणि आता पाठीनंच संप पुकारल्यामुळे घरी बसला होता. त्याच्या लेखी मखमल म्हणजे गोणपाटाची श्रीमंत मावसबहीण. "काम दोघींचं एकच," तो म्हणे, "आतलं झाकायचं."

तर ही चाळ. रस्त्यापासून मागच्या नाल्यापर्यंत लांबच लांब, मधोमध जिना. रस्त्याकडच्या टोकाला थोरला कमळाकर राहायचा, नाल्याकडच्या टोकाला धाकटा धनेश. चाळीसमोर अंगण, आणि अंगणात जिन्यासमोरच बैलांची दावण. वडिलांची भातजमीन कारखान्यांत गेली, मोबदल्यात चाळ उभी राहिली आणि चाळीबरोबर समान वाटणीचा आजारही. एकाकडे टाइल्स बदलल्या की आठवड्यात दुसऱ्याकडे त्याच टाइल्स. एकाच्या दारात तुळस आली की दुसऱ्याच्या दारात तुळस, तीही तेवढ्याच उंचीची. धनेशच्या बायकोनं, सुचितानं, दारावर पितळी हत्ती लावला तेव्हा थोरली जाऊ मालतीबाई हत्तीची सोंड टेपनं मोजून आली होती.

बोअरवेलचे वार ठरले, भाड्याच्या खोल्या वाटल्या गेल्या, चुली तर कधीच्या वेगळ्या. आता फक्त भिंत राहिली होती. जिना तोडायचा, मधे आरपार भिंत घालायची, आणि दोघांनी आपापल्या टोकाला आपापला जिना चढवायचा, असा बेत पावसाळ्यापासून चालला होता. जिना तुटला की जिन्याखालची जागा उरणार नव्हती. राहीबाईची सगळी दुनिया त्या जागेत होती. सकाळी पायऱ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली उतरायच्या आणि टांगलेल्या मखमलीवर हळूहळू सरकायच्या. त्या उन्हात सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. असा उजेड भाड्याच्या दुसऱ्या कुठल्या खोलीत मिळणार, आणि असं मशीन कोण आत घेणार, हे ती मनाशी रोज विचारायची आणि रोज उत्तर न देता कामाला लागायची.

भिंत अडली होती ती एकाच गोष्टीवर. बैल. थोरल्याचा पाखऱ्या आणि धाकट्याचा रॉकेट. शर्यतीत ही जोडी एकत्र पळायची आणि एकत्रच जिंकायची; वेगवेगळे जुंपले तर दोघंही रस्त्यात उभे राहून शेपट्या हलवायचे. "बैल एकत्र हायेत तवर जिना हाय," मालतीबाई एकदा पान लावता लावता म्हणाली होती. "जोडी फुटली का दुसऱ्या दिवशी गवंडी." हे वाक्य राहीबाईनं मनाच्या आतल्या खिशात ठेवून दिलं होतं.

आणि नेमकी ही जोडी फोडायची पाळी तिच्यावर आली, तीही कात्रीनं.

जासईच्या माळावर मोठी शर्यत होती. मागच्या खेपेला उलव्याकडची एक जोडी मखमली झुली घालून आली आणि शर्यत हरली तरी फोटो तिचेच निघाले. ते कमळाकरच्या मनाला लागलं. "आपल्या जोडीला पन मखमल," त्यानं जाहीर केलं. डाळिंबी रंगाचा तागा आला. पुढे वशिंडासाठी गोल घेर, मागे जरीचे गोंडे, दोन्ही बाजूंना कशिद्यात बैलाचं नाव.

कापायच्या दिवशी दोघी जावा जिन्याखाली हजर. राहीबाईनं खडू हातात घेतला तोच मालतीबाई म्हणाली, "थांब गो. आधी हिची कापशील, मंग माझी कापशील, आनि माझी आखूड होईल. मागल्या वर्साला गादीच्या कवराचं तसंच झालंवतं."

"तुमचंच मोठं झालंवतं, वैनी," सुचिता म्हणाली.

"मोठं झालं म्हनून लोळत व्हतं ना गो खाली."

"आवं, मी दोन्ही सारख्याच कापते की," राहीबाई म्हणाली.

"सारख्या म्हंजे कश्या?"

"एकाच मापाच्या."

"माप चुकतं. दोन्ही एका कात्रीत काप. एकावर एक ठेव, एकदाच कात्री चालव. वाढली तं दोघींची वाढंल, घटली तं दोघींची घटंल."

सुचिताला हे पटलं. या दोघींना एकच गोष्ट पटण्याचा हा त्या वर्षातला पहिलाच प्रसंग असावा. राहीबाईला इतकं हायसं वाटलं की तिनं ताबडतोब तागा मधोमध दुमडला, लव आत, पाठ बाहेर, कडेला कड जुळवली आणि वजनं ठेवली. दोघी जावा दोन बाजूंनी वाकल्या. चार डोळे कात्रीच्या टोकावर. कड हलू नये, वरचा पदर पळू नये, केसभरही फरक पडू नये एवढं एकच राहीबाईच्या डोक्यात. कात्री एका दमात फिरली. दोन झुली वेगळ्या झाल्या. मालतीबाईनं टेप लावला, सुचितानंही लावला. सुताचाही फरक नाही.

आयुष्यभर लवेचा जप केलेल्या बाईला त्या घडीला लव आठवली नाही. लग्नात वाढपी स्वतःच जेवायचा राहतो, तसं ते झालं.

झुली तयार झाल्या. नावं तेवढी राहिली होती. गावचा फोटोवाला मिथुन बॅनरसाठी फोटो काढायच्या आधी एकदा अंगावर घालून बघू म्हणून राहीबाईनं सकाळीच त्या बैलांवर चढवल्या. दावणीला बैल नेहमीसारखे रस्त्याकडे तोंड करून उभे होते. जिन्याखालून, म्हणजे बाजूनं, तिनं पाहिलं. दोन डाळिंबी डोंगर शेजारी शेजारी. वाऱ्यानं लव हलत होती, पूर्वी इथल्या खाचरांतली भाताची रोपं हलत असतील तशी. झकास. ती मशीनवर येऊन बसली.

पहिला कमळाकर आला. स्टूल ओढलं, बसला, पानाची पिंक टाकून आला, परत बसला.

"राहीबाय, तुना मी बहिनीसारखं मानतो ना?"

"मानता की, दादा."

"मंग माझ्या पाखऱ्याला जुना कपडा का लावलास?"

"जुना? आवं, एकाच ताग्यातलं हाय."

"मना शिकवतेस? दारात बसून बघतोय मगासपासून. त्याच्या रॉकेटची झूल अशी गर्द, दारूसारखी. आनि माझी बघ, उन्हात वाळवलेल्या बोंबलासारखी फिकट." मग त्यानं आवाज उतरवला. "मना भांडन नको. तू गुपचूप अदलाबदली कर. ती मना घाल, ही त्याला. अजून नावं नाय टाकली ना? पन त्याला सांगू नको."

तो गेला. राहीबाई वाकून बाहेर बघत होती. दोन्ही झुली एकसारख्या. म्हातारपणी दादाला मोतीबिंदू झाला असावा, असं मनात येतंय तोच दुसऱ्या बाजूनं धनेश आला. तो मावशी म्हणायचा.

"मावशी, टेन्शन नाय घ्यायचं, एक बोलू का?"

"बोला, भाऊ."

"दादाला घाबरून केलं ना तुमी? मी समजू शकतो. पन रॉकेटची झूल एकदम उडालेली दिसते. धुतलेली वाटते. आनि पाखऱ्याची बघा, कडक. माझ्या दारातून सरळ दिसतंय." मग त्यानंही आवाज उतरवला. "आता एक करा. बदली करून टाका. पन दादाला कलायला नको."

राहीबाईनं दोघांनाही बरं म्हटलं. मग ती उठली, पदर खोचला आणि कमळाकरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. समोरून बैलांची तोंडं. पाखऱ्या फिका, रॉकेट गर्द. तिथून ती चाळीच्या कडेनं चालत धनेशच्या दाराशी गेली. इथून बैलांच्या शेपट्या. पाखऱ्या गर्द, रॉकेट फिका. ती परत जिन्यापाशी आली. दोन्ही सारखे.

तिनं दोन्ही झुलींवरून तळवा फिरवला. दुमडलेला तागा तिच्या डोळ्यांपुढे आला. दुमडला की वरच्या पदराची लव एकीकडे जाते आणि खालच्याची बरोबर उलटी. एका झुलीची लव बैलाच्या शिंगांकडे चाललेली, दुसरीची शेपटाकडे. आणि दोन्ही भाऊ नेमके त्या टोकांना बसलेले, जिथून ज्याची त्याला फिकी दिसेल. मधे बसणारं माणूस चाळीत एकटं तीच. तिला बापडीला दिसणार तरी कसं?

नवीन कापायला तागा उरला नव्हता. दुकानात त्या रंगाचा दुसरा नव्हता, आणि शर्यत रविवारी. झूल उलटी फिरवून घालावी तर वशिंडाचा घेर शेपटावर येत होता.

"सांगून टाक," असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि बाबासोला विचारलं.

"सांग की," बाबासो म्हणाला. "म्हनावं, दोघांस्नी बी फशीवलंय. आन मग मशीन उचलायला मला बोलवू नगंस, माजी पाठ धरलीया."

"मग काय करू?"

"दोघं बी अदलाबदल मागत्यात न्हवं? मग कर की. गिऱ्हाईक मागतंय त्ये द्यायचं. बाजारात आमी हेच केलं."

हे ऐकून राहीबाईनं डोक्यातल्या डोक्यात बैलांना झुली बदलून पाहिल्या. समोरून पाखऱ्या गर्द. मागून रॉकेट गर्द. ज्याची त्याला भारी. तिला आधी हसू आलं, मग भीती वाटली, मग पुन्हा हसू आलं. दुपारी दोघं भाऊ जेवून आडवे झाले तेव्हा तिनं झुली बदलल्या, आणि संध्याकाळपर्यंत जरीत नावंही घालून टाकली, म्हणजे पुन्हा कुणाला काही सुचायला नको.

दुसऱ्या दिवशी कमळाकरच्या घरून तिला सुके बोंबील आले. तासाभरानं धनेशच्या घरून टोपलीभर जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आल्या. बाबासोनं आयुष्यात चिंबोरी हातात धरली नव्हती. एक टोपलीतून निसटून मशीनच्या पायडलाखाली जाऊन बसली आणि दुपारभर राहीबाईनं पाय वर घेऊन, हातानं चाक फिरवत शिवण केली.

चाळीत मात्र नवल घडायला लागलं. आपल्याला भारी झूल मिळाली आणि भावाला फिकी गेली, हे दोघांनाही ठाऊक. आणि भाऊ त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, हेही दोघांना दिसत होतं. त्यामुळे दोघांच्याही मनात दयेचा पूर आला. कमळाकरनं आपल्या वाराचं बोअरचं पाणी धनेशला दिलं. धनेशनं दादाच्या दारातली ट्यूबलाइट बदलून दिली. अंगणात एकमेकांसमोर आले की दोघंही खाली बघून हसायचे.

"ह्या दोघांना झालंय तरी काय?" मालतीबाई जिन्याखाली येऊन म्हणाली. "काल हे मना बोलले, धनेश बिचारा साधा हाय. मी घाबरले गो. धा वर्सांत धनेशला बिचारा कोनी बोललं नाय."

"गुन येतो मानसाला," राहीबाई सुईवरची नजर न काढता म्हणाली.

पण दोन्ही भाऊ आपापल्या टोकाला आहेत तोवर ठीक. एकजण जरी दुसऱ्याच्या टोकाला गेला तरी खेळ खलास. म्हणून शनिवारभर ती अंगणावर ससाण्यासारखी नजर ठेवून होती. धनेश दोरी मागायला रस्त्याकडे निघाला की ती स्वतः दोरी घेऊन धावायची. कमळाकर नाल्याकडे फिरायला निघाला की ती म्हणायची, "दादा, तकडं आज लई घान वास येतोय." वास तिकडे रोजच यायचा. संध्याकाळी गावातून निघालेल्या जोडीच्या मिरवणुकीत तिनं एक युक्ती केली. थोरल्यानं पुढून कासरा धरावा, धाकट्यानं मागून बैल हाकावेत, हीच रीत शोभते, असं तिनं दोन्ही जावांच्या कानात घातलं. दोघांनाही त्यात मान वाटला. कमळाकर पुढे उलटा चालत पाखऱ्याकडे बघत राहिला, धनेश मागून रॉकेटकडे, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपलंच लग्न असल्याचं तेज.

रविवारी जासईच्या माळावर ती टेम्पोतून बैलांबरोबर आणि दोघी जावांबरोबरच गेली. झुली घालायला माहितगार हात हवा, असं तिनं सांगितलं होतं. माळ माणसांनी भरला होता. लांबवर बंदराच्या क्रेनच्या माना दिसत होत्या, इकडे लाउडस्पीकर, धूळ, वडापावचा धूर. जोड्या ओळीनं उभ्या. राहीबाईनं झुली चढवल्या, लवेवरची धूळ मऊ ब्रशनं झाडली, आणि कॅमेरा गळ्यात अडकवून मिथुन आला.

"चला, बॅनरचा फोटो. दोघं मालक बैलांच्या समोर या. दादा इकडं, धनेशदादा तिकडं. मागं बैल, पुढं तुमी."

राहीबाई ब्रश हातात घेऊनच त्याच्यापाशी गेली. "मिथुन, फोटो बाजूनं काढ," ती म्हणाली.

"बाजूनं? मावशी, बैलाचा फोटो काढतोय, आधार कार्डचा नाय. बाजूनं काढला तर तोंड कुठं दिसनार?"

"तोंड काय करायचंय? झूल दिसली पायजे."

"समोरून पन दिसते की. मस्त दिसते. एक डार्क, एक लाइट, कॉन्ट्रास्ट एकदम भारी."

कॉन्ट्रास्ट हा शब्द धनेशच्या कानावर पडला. तो रॉकेटच्या शेपटाकडून पुढे आला होता, फोटोसाठी केस सारखे करत. त्यानं मागे वळून बैलांकडे पाहिलं. केसांवरचा हात तिथेच राहिला.

"दादा," तो म्हणाला.

"काय रं?"

"रॉकेटची कुठली, पाखऱ्याची कुठली?"

"नावं हायेत ना त्याच्यावर. वाच."

धनेशनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं राहीबाईकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राहीबाईला गवंडी दिसला, त्याची थापी दिसली, आणि उलटं पडलेलं आपलं मशीन दिसलं. आता गप्प बसून काही वाचणार नव्हतं. ती पुढे झाली.

"भाऊ, तुमी हितंच ऱ्हावा. दादा, तुमी जरा मागं जावा. शेपटाकडं."

"कनाला?"

"जावा तर."

कमळाकर कुरकुरत मागे गेला. वळला. मग तो हळूहळू चालत पुढे आला, पाखऱ्याची झूल बघितली, परत मागे गेला. मग धनेश मागे गेला आणि कमळाकर पुढे आला. मग दोघंही एकदम निघाले आणि रॉकेटच्या बाजूला एकमेकांवर आपटले. शेजारच्या जोडीवाल्यांनी आपली कामं सोडून हे बघायला सुरुवात केली. दोन मोठे मालक स्वतःच्याच बैलांना प्रदक्षिणा घालत होते.

"तागा दुमडून कापला मी," राहीबाई म्हणाली. आवाज बारीक होता पण ती थांबली नाही. "एका कात्रीत काप म्हनून वैनी म्हनाल्या, पन लव माज्या ध्यानात याया पायजे हुती, ती आली न्हाय. चूक माजी. एकीची लव पुढं, एकीची मागं. बगनारा जिकडं उबा ऱ्हाईल तसं दिसतं. आदी ज्याची त्याला फिकी दिसली. तुमी दोगं बी मला गुपचूप येऊन म्हनाला, बदली कर. मी केली. मग ज्याची त्याला भारी दिसली."

कमळाकरनं मान वर केली. "दोगं बी?"

"दोगं बी."

तो धनेशकडे वळला. "म्हंजे तू माझी झूल मागितलीस? माझ्या मागं?"

"तू माझी मागितलीस तवा?"

"आनि मना फिकी गेली असं तुना वाटत होतं, तरी तू गप राहिलास?"

"तू नाय राहिलास?"

"मी तुना पानी दिलं."

"मी लायटी लावून दिली."

रागवावं तर कुणावर, हे दोघांनाही ठरवता येईना. जो गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारायचा तो आपल्याही डोक्यावर होता. मालतीबाई टेम्पोच्या फळीवर बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले, आणि मग पदरानं काम भागेना. सुचितानं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग जावेकडे, आणि तीही बसली तिच्या शेजारी, हसत. मिथुननं बाजूनं एक फोटो काढून घेतला. त्यात बैलांची तोंडं आली नाहीत, पण दोन्ही झुली एका रंगाच्या आल्या, आणि मधोमध ब्रश हातात घेतलेली राहीबाई.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर जोडीचा पुकारा झाला. धावपळ उडाली. राहीबाईनं झुली ओढून घेतल्या, भावांनी बैल छकड्याला जुंपले.

जोडी पळाली. वाऱ्यासारखी पळाली, आणि नाकाच्या अंतरानं दुसरी आली. निदान निशाणवाल्याचं म्हणणं तसं होतं. कमळाकरचं म्हणणं निराळं होतं, आणि आश्चर्य म्हणजे धनेशचंही तेच म्हणणं होतं. दोघांनी मिळून निशाणवाल्याला गाठलं. एकानं सुरू करावं, दुसऱ्यानं पुरं करावं, अशा रीतीनं त्यांनी त्या माणसाच्या डोळ्यांपासून त्याच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. पंच मधे पडले तेव्हा दोघांनी एकमेकांचे हात धरून ठेवले होते.

परतीच्या टेम्पोतही तेच चाललं होतं. बैल मधे, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला भाऊ.

"पाखऱ्याचं नाक पुढं व्हतं."

"रॉकेटचं पन पुढं व्हतं, दादा. मी बाजूला व्हतो."

"तो भाड्या कुठं उभा व्हता? तिरका. तिरक्या मानसाला सरल काय दिसनार?"

धनेशचा फोन वाजला. त्यानं बघितलं, कमळाकरकडे बघितलं. "भिंतीवाला इंजिनियर हाय. उद्या माप घ्यायला येऊ का, विचारतोय."

राहीबाईनं मांडीवरच्या झुली घट्ट धरल्या. लवेवर बोटांचे ठसे उमटले.

"उद्या?" कमळाकर वैतागून म्हणाला. "उद्या कमिटीकडं तक्रार द्यायला नाय जायचं का? त्याला सांग, पुढल्या शर्यतीनंतर बघू."

"पुढली शर्यत कधी हाय?"

"मना काय माहीत? सांग, बघू."

धनेशनं तसं सांगितलं, फोन खिशात टाकला, आणि निशाणवाल्याचा विषय जिथे सुटला होता तिथून पुन्हा धरला.

मालतीबाईनं राहीबाईच्या मांडीवरच्या एका झुलीवरून हात फिरवला. आधी असा, मग तसा. रंग गेला आणि आला. "मेल्यानं काय कपडा काढलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढल्या टायमाला तू एकटी काप गो. तुझ्या पद्धतीनं. आमी बघायला नाय येनार."

"बरं व्हईल, वैनी."

"मी येनार," सुचिता म्हणाली.

मालतीबाईचा हात मखमलीवर थांबला. "ही येनार असंल," ती म्हणाली, "तं मी पन येनार."